प्रश्नोत्तरे : सही खरी, पण कुणाची?

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर दर दहा मिनिटांनी एक शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) चालते. अपलोड झालेल्या फाइलची डिजिटल सही ती जीपीजी या प्रोग्रामने तपासते आणि 'गुड सिग्नेचर' हा मजकूर ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) सापडला की फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये हलवते. एवढं पुरेसं आहे का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : नाही. पास खरा आहे एवढं बघून टीसीने सोडून द्यावं आणि ओळखपत्रावरचा फोटो बघूच नये, तसं हे झालं. कीरिंगमधल्या, म्हणजे साठवलेल्या डिजिटल किल्ल्यांच्या जुडग्यातल्या, कुठल्याही किल्लीने केलेली सही जीपीजीला 'गुड'च वाटते. किल्ली विश्वासातली नसेल तर ते फक्त इशारा छापतं, एक्झिट कोड शून्यच, म्हणजे 'सगळं ठीक'च राहतो. शिवाय तो मजकूर माणसांसाठी आहे. मशीनची भाषा बदलली की तोही बदलतो.

त्याऐवजी जीपीजीव्ही हा फक्त सही तपासणारा, जीपीजीचाच भाऊबंद प्रोग्राम वापरा. ज्यांना अपलोडचा अधिकार आहे त्यांच्याच किल्ल्यांची वेगळी कीरिंग करा. ती आर्मर (टेक्स्टचं रूप) न लावता एक्स्पोर्ट करा आणि स्क्रिप्टमध्ये तिचा पूर्ण पाथ द्या. नावात स्लॅश नसेल तर ती होम फोल्डरमधल्या जीएनयूपीजीच्या (म्हणजे जीपीजीच्याच) डिरेक्टरीत शोधली जाते. एक मात्र ध्यानात ठेवा : जीपीजीव्ही मुदत संपलेली किंवा रद्द झालेली किल्ली अडवत नाही. कुणी नोकरी सोडली की त्याची किल्ली त्याच दिवशी हाताने काढायची.

कोणी सही केली हेही हवं असेल तर 'स्टेटस-एफडी' हा पर्याय दिल्यावर मिळणाऱ्या, स्क्रिप्टसाठीच्या आउटपुटमधली 'व्हॅलिडसिग' ही ओळ वाचा. इथे बरेच जण फसतात. ओळीतला पहिला फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख पटवणारा आकडा) सही करणाऱ्या सबकीचा, म्हणजे मुख्य किल्लीला जोडलेल्या उपकिल्लीचा, असू शकतो. मुख्य किल्लीचा शेवटी असतो. तुलना शेवटच्याशी करा, तीही पूर्ण 40 अक्षरांची. 8 अक्षरांचा छोटा आयडी मुद्दाम जुळवून बनवता येतो.

कमांडला सहीची आणि मूळ, अशा दोन्ही फाइल द्या. तपासणीआधी फाइल स्क्रिप्टच्याच ताब्यातल्या फोल्डरमध्ये कॉपी करा. त्याच डिस्कवर नुसती हलवली तर एफटीपीने (फाइल चढवणाऱ्या सेवेने) उघडी ठेवलेली फाइल तीच राहते आणि तपासणीनंतरही तिच्यात लिहिता येतं.

राहता राहिलं नाव. सही फाइलच्या आतल्या मजकुरावर असते, नावावर नाही. त्यामुळे जुनी, सुरक्षेत भोक असलेली आवृत्ती नव्या नावाने, खऱ्या सहीसकट पुन्हा चढवता येते. म्हणून फाइलचं नाव, आवृत्ती आणि एसएचए-256 (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) लिहिलेली छोटी टेक्स्ट फाइल बनवून तिच्यावर वेगळी सही घ्या, आणि आधीच येऊन गेलेली आवृत्ती स्क्रिप्टने नाकारावी.