सेवापुस्तकात सत्तरी ओलांडली, आधारवर नाही

दारव्हा तालुक्यातले एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक विचारतात: सेवापुस्तकात आणि पेन्शनच्या आदेशात जन्मसाल 1954, आधारवर मात्र 1 जानेवारी 1959. त्यामुळे सत्तरीवरच्यांना मोफत उपचारासाठी मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड निघत नाही. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली आहे. कोर्टात जाऊ का? अशी पत्रं पुसद, आर्णीकडूनही येत असतात.

गुरुजी, कोर्टात जाऊ नका. 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालेल्या या योजनेला उत्पन्नाची अट नाही, पेन्शनचीही आडकाठी नाही. सगळं अडतं ते एका अटीवर: वय आधारवरचंच धरलं जातं. कार्ड आधारच्या ई-केवायसीवर निघतं, तिथे सेवापुस्तक दाखवून उपयोग नाही. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑक्टोबर 2024 ला म्हटलं आहे हे खरं. पण ते प्रकरण अपघाताच्या भरपाईचं होतं. त्या जोरावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका केली, तरी नोटीस, उत्तर, तारखा यांत महिने जातील आणि शेवटी बहुधा 'आधी आधार दुरुस्त करा' एवढंच हाती येईल. तुमच्या हृदयाला तेवढी सवड नाही.

आधारच्या शिबिरात अंदाजाने लिहिलेली तारीख इतकी वर्षं तुम्ही तशीच राहू दिलीत. जन्मभर मुलांचे दाखले तपासणाऱ्याने स्वतःचं आधार एकदा तरी वाचायला हवं होतं. आता बोर्डाचं मॅट्रिकचं मूळ प्रमाणपत्र घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर जा. प्रतिज्ञापत्रावर पैसे घालवू नका, जन्मतारखेसाठी ते चालत नाही. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून सही करण्याआधी ऑपरेटरच्या पडद्यावरची तारीख आणि नावाचं स्पेलिंग स्वतः वाचा. तिथे चूक राहिली तर पुढचा अर्ज थेट आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयापर्यंत जातो. पावती जपून ठेवा, त्यावरच्या क्रमांकाने दुरुस्ती कुठवर आली ते कळतं. महिनाभर तरी धरून चाला.

पण अँजिओप्लास्टी त्या महिन्यासाठी थांबवू नका. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही मोफत उपचार होतात आणि तिला वयाची अटच नाही. 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या रेशनकार्डाचं कुटुंबही तिच्यात आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख आहे. तुमचं नाव कोणत्या कार्डावर आहे ते आजच पाहा. मुलगा वेगळा राहायला गेला, नवं कार्ड काढलं आणि आईवडिलांचं नाव दोन्हीकडे नाही, असं बऱ्याच घरांत झालेलं असतं. नाव नसेल तर तहसीलचा पुरवठा विभाग गाठा.

सेवाग्राम, सावंगी की नागपूर, कुठल्या रुग्णालयात जायचं हे ठरवण्याआधी योजनेच्या 155388 या मदत क्रमांकावर फोन करा. रुग्णालय योजनेत असणं पुरेसं नाही, हृदयरोगाचा विभागही योजनेत हवा. भरती होताना आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला भेटा, रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखवा, मंजुरी आल्यावरच पुढे जा. काउंटरवर 'आता पैसे भरा, नंतर परत मिळतील' असं कुणी म्हटलं तर भरू नका. योजना रोकडरहित आहे, खिशातून भरलेलं बिल सहसा परत मिळत नाही. राज्य कर्मचाऱ्यांच्या 1961 च्या वैद्यकीय नियमांतली खर्चाची प्रतिपूर्ती नोकरीत असलेल्यांसाठी आहे, तिच्या भरवशावर राहू नका. छातीत दुखून रात्री-बेरात्री न्यावं लागलं तर कागदांसाठी थांबू नका, तातडीची मंजुरी रुग्णालयाला फोनवरूनही घेता येते.