कंट्रोल कळ अडकल्यासारखी वागते तेव्हा

प्रश्न : लॅपटॉपवर ‘एस’ दाबले की सेव्हची चौकट उघडते आणि माउसचे चाक फिरवले की पान लहानमोठे होते. कंट्रोल कळ मात्र वरच दिसते. कीबोर्ड बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. कळ वर आलेली असली तरी विंडोजला ती दाबलेलीच वाटत आहे. डावी व उजवी कंट्रोल एकेकदा दाबून सोडल्यास हा घोळ पुष्कळदा तिथेच मिटतो. न मिटल्यास सेटिंगमधील ‘स्टिकी कीज’ पाहा. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबली गेली की ही सोय चालू करण्याविषयी विचारणा होते, घाईत आपण होकार देतो, आणि मग कंट्रोल लागोपाठ दोनदा दाबली गेली तर ती पुन्हा दाबेपर्यंत धरून ठेवल्यासारखी राहते. एका हाताने टंकलेखन करणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. आपल्याला नको असल्यास ती बंद करावी.

तरीही फरक पडला नाही, तर लॅपटॉप पूर्ण बंद करून कळेच्या कडेची धूळ मऊ ब्रशने झाडा. साखरेचा चहा सांडून कळ चिकट झाली असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात जेमतेम ओलावलेला कापसाचा बोळा कडेने फिरवा व पूर्ण वाळू द्या. द्रव कळांखालच्या पातळ पापुद्र्यापर्यंत झिरपला असेल, तरच कीबोर्ड बदलण्याचा खर्च करावा.