अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात गाईडबरोबरची स्नोमोबिल (बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी) सहल घ्यावी का? सोबत १२ वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले सासू-सासरे आहेत, आम्ही कधीच स्नोमोबिल चालवलेली नाही. गाईड न घेता स्वस्तात जमेल का?

तुम्ही दोघं आणि मुलगी जरूर जा. सासू-सासऱ्यांना त्याच दिवशी स्नोकोचमध्ये, म्हणजे बर्फावरून जाणाऱ्या बंद व्हॅनमध्ये बसवा. गाईड टाळायचा विचार मात्र सोडून द्या. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना तो मार्ग जवळजवळ बंदच आहे, आणि ते बरंच आहे.

आम्ही सॉल्ट लेक सिटीत राहतो. त्यामुळे हिवाळ्यात कुणी पाहुणे आले की उद्यानाच्या पश्चिम दाराशी असलेल्या वेस्ट यलोस्टोन गावाची वारी ठरलेली असते. हेच प्रश्न आमच्या घरी चहावर दरवेळी निघतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गाईडचं. साधारण १५ डिसेंबर ते १५ मार्च या काळात उद्यानातला गार्डिनर ते कुक सिटी हा उत्तरेकडचा एकच लांब रस्ता गाड्यांसाठी चालू असतो. बाकीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढत नाहीत. तो रात्री यंत्रं फिरवून दाबतात, सपाट करतात, आणि त्यावरून फक्त स्नोमोबिल आणि स्नोकोच जातात. म्हणजे तुम्ही ज्या ‘जंगलातल्या वाटेचं’ चित्र डोळ्यांपुढे आणलं असेल ती वाट म्हणजे उन्हाळ्यात जिथून भाड्याच्या एसयूव्हीच्या रांगा जातात तोच डांबरी रस्ता, पाच-सहा महिने बर्फाखाली गेलेला. त्या रस्त्याच्या बाहेर स्नोमोबिल एक फूटही घालायला परवानगी नाही.

हे नियम इतके कडक का, तर पूर्वी ते नव्हते म्हणून. पहिल्या स्नोमोबिल इथे १९६३ साली आल्या. नव्वदच्या दशकात गर्दीच्या दिवशी हजारावर यंत्रं आत जायची, बहुतेक टू-स्ट्रोक. आपल्याकडच्या जुन्या रिक्षांचा धूर ज्यांनी खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको. पश्चिम दारावरच्या रेंजरांच्या केबिनमध्ये बाहेरून ताजी हवा सोडावी लागायची, पुढे तर त्यांना श्वसनाचे मास्क दिले गेले. राष्ट्रीय उद्यानाच्या दारात, ऐन थंडीत! क्लिंटन सरकारने जाता जाता बंदीचा निर्णय केला, बुश सरकारने तो फिरवला, मग वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. त्यातून २०१३ साली जो नियम ठरला तोच आजही चालतो: कमी धूर आणि कमी आवाजाची यंत्रं, एका गटात जास्तीत जास्त १०, दिवसाला ठरावीकच गट, वेगमर्यादा ताशी ३५ मैल, आणि प्रत्येक गटापुढे गाईड.

व्यावसायिक गाईडशिवाय जायची एक सोय आहे, नाही असं नाही. दर दिवशी प्रत्येक दारातून एक खासगी गट सोडतात, जास्तीत जास्त पाच यंत्रांचा. त्याची सोडत हिवाळ्याच्या कितीतरी आधी निघते, सगळ्या चालकांना ऑनलाइन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि गटातल्याच एकाने पुढारपण करायचं असतं. हलायला तयार नसलेला गवा (इथला बायसन) रस्त्यात उभा असताना पुढे जायचं की थांबायचं हे तुमच्यापैकी कोण ठरवणार? ज्यांच्या घरी दोन-चार हिवाळे स्नोमोबिल वापरलेली आहे त्यांच्यासाठी ही सोय चांगली. तुमच्यासाठी नाही.

आता दिवस कसा जातो ते. बहुतेक लोक वेस्ट यलोस्टोन गावातून ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याला जातात. जायला ३० मैल, यायला ३०. दुसरा पर्याय कॅनियनचा, एका बाजूने ४० मैल. तिथे यलोस्टोन नदीचा ३०८ फुटांचा धबधबा अर्धामुर्धा गोठलेला दिसतो. पहिल्यांदा जाताय तर ओल्ड फेथफुलच घ्या. अंतर कमी, वाटेत थांबे जास्त, आणि शेवटी गरम जेवण.

सकाळी आठच्या आसपास दुकानात बोलावतात. पहिला तास कपडे चढवण्यात जातो: जाड विजार, जॅकेट, बूट, हेल्मेट. हे सगळं भाड्याने मिळतं, विकत घेऊ नका. मग यंत्राची ओळख. गिअर नाहीत. उजव्या अंगठ्याखालची दांडी दाबली की पळते, डाव्या हातात ब्रेक. मुठींना हीटर असतो, मागच्या माणसाच्या मुठींनाही. एक दोरी तुमच्या जॅकेटला अडकवतात, तुम्ही पडलात तर ती निघून इंजिन बंद पडतं. ॲक्टिवा चालवता येणाऱ्याला दहा मिनिटांत हात बसतो. फक्त एक सवय मोडावी लागते. दुचाकीवर तोल गेला की आपण आपसूक पाय टेकवतो. इथे पाय बाहेर काढायचा नाही, कधीच नाही. अडीच-तीनशे किलोचं धूड पायावर आलं तर पाय मोडतो. पुढच्या पट्ट्या बर्फावर डावीकडे-उजवीकडे थोड्या भरकटतात, ते चालायचंच. हँडल आवळून धरू नका आणि वळणावर अंग आत झुकवा, एवढंच.

वाहन परवाना चालवणाऱ्या प्रत्येकाकडे हवा, लर्नर चालत नाही. तुमच्यापैकी कुणाचा परवाना अजून भारतातलाच असेल तर तो चालेल का हे कंपनीकडून इमेलवर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो हो, काही अडचण नाही’ काउंटरवर उपयोगी पडत नाही.

मॅडिसन नदीच्या कडेने पहिले १४ मैल जातात, आणि माझ्या मते अख्ख्या सहलीतला हाच सर्वांत सुंदर भाग. नदीत ट्रम्पेटर जातीचे राजहंस असतात, काठच्या झाडांवर बॉल्ड ईगल. पुढे फायरहोल नदीला तर गरम झऱ्यांचं पाणी मिळत असल्याने ती कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. तिच्या काठची झाडं वाफेचा बर्फ चढून पांढरीफटक झालेली असतात. अस्वलं झोपलेली असतात, त्यांची आशा ठेवू नका. लांडगे दिसले तर नशीब. ज्यांना लांडगेच बघायचेत त्यांनी उत्तरेकडे लामार खोऱ्यात जावं, तिथे आपली गाडीही जाते.

गवे मात्र भेटणारच. इंग्रजीत ज्याला बायसन म्हणतात तो आपला गवा नव्हे, पण घरात आम्ही गवाच म्हणतो. नराचं वजन ९०० किलोपर्यंत जातं. खोल बर्फात चालण्यापेक्षा दाबलेला रस्ता त्यांना सोपा पडतो, म्हणून ते तुमच्याच रस्त्याने, तुमच्याच दिशेने, सावकाश चाललेले असतात. नियमाने २५ यार्ड अंतर ठेवायचं, म्हणजे साधारण २३ मीटर. पण कळपच समोरून येत असेल तर अंतर मोजायचं कुणी? इथे गाईडचे पैसे वसूल होतात. तो हात वर करून सगळ्यांना थांबवतो, यंत्रं एका कडेला घ्यायला लावतो आणि कळपाचा नूर बघतो. शेपटी वर गेली की त्याचा आवाज बदलतो. कधी पाच मिनिटांत वाट मोकळी होते, कधी पाऊण तास जातो. गवा ताशी ३५ मैल पळू शकतो, म्हणजे तुमची वेगमर्यादा आणि त्याचा वेग सारखाच. त्यामुळे हॉर्न, आरडाओरडा, ‘जरा पुढे होऊन फोटो काढते’ हे काही करायचं नाही. मुलीला हे आधीच समजावून ठेवा, आणि नवऱ्यालाही.

ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो, मागेपुढे होतं. गाईडला अंदाजे वेळ माहीत असते आणि तो जेवण त्यानुसार बसवतो. उन्हाळ्यात इथे बसायला जागा मिळत नाही, हिवाळ्यात बाकावर दहा-वीस माणसं असतात. जुनं लाकडी इन हिवाळ्यात बंद असतं, स्नो लॉज उघडी असते. शाकाहारी असाल तर तिथे फारसे लाड होणार नाहीत. आम्ही तिखटामिठाच्या पुऱ्या नेतो. पण त्या यंत्राच्या मागच्या पेटीत ठेवल्या तर दगड होतात, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. फोनही तिथेच, नाहीतर बॅटरी बघता बघता संपते. एक अपेक्षा मात्र आताच कमी करा: ग्रँड प्रिझमॅटिक या गरम झऱ्याचे ते प्रसिद्ध रंग. हिवाळ्यात तिथे बहुतेक वेळा नुसती वाफ दिसते. रंगांसाठी उन्हाळ्यातच यावं लागतं.

थंडीबद्दल लोक एकतर फार घाबरवतात किंवा फार हसण्यावारी नेतात. वेस्ट यलोस्टोन दोन हजार मीटरवर आहे. १९३३च्या फेब्रुवारीत या गावाजवळ उणे ६६ फॅरनहाइट नोंदलं गेलंय, म्हणजे उणे ५४ सेल्सिअस. तसा दिवस तुमच्या वाट्याला यायची शक्यता कमी. पण सकाळी उणे १८ सेल्सिअस असणं अगदी नेहमीचं, आणि ताशी ३५ मैलांच्या वाऱ्यात ते अंगाला उणे ३३सारखं लागतं. सुती काहीही घालू नका, बनियनसुद्धा नाही. घाम सुती कपड्यात मुरतो आणि थांबलात की गारठतो. मोजे लोकरीचे, आणि एकच जोड. दोन घातले की बूट घट्ट होतो, रक्त खेळत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. चष्मा असेल तर हेल्मेटच्या आत वाफ धरते. तोंडावरचा पडदा नाकाला नीट बसवून घ्या, वेगात जाताना काच पूर्ण खाली आणि थांबलात की लगेच वर. आणि स्वच्छतागृह दिसलं की गरज असो-नसो जाऊन या. मॅडिसननंतर पुढचं लांब असतं, आणि तो सगळा जामानिमा उतरवायला लागणारा वेळ हिशेबात धरावा लागतो.

सासू-सासऱ्यांचं. दिवसभर यंत्राची थरथर कंबरेत जाते, दुपारी ऊन लागून रस्ता मऊ पडतो आणि खळगे होतात, तेव्हा तर जास्तच. साठीपुढच्या, पाठीची किंवा गुडघ्याची तक्रार असलेल्या माणसाला मी मागच्या सीटवरही बसवणार नाही. स्नोकोच म्हणजे हल्ली बहुतेक मोठाल्या, कमी हवेच्या टायरांच्या व्हॅन. आत हीटर, मोठ्या खिडक्या, आणि गाईड सगळं बोलून सांगतो, जे हेल्मेटमध्ये तुम्हाला ऐकूच येणार नाही. थांबे जवळजवळ तेच. ओल्ड फेथफुलला जेवायला एकत्र भेटता येतं, फक्त बुकिंग करताना दोन्हींच्या वेळा जुळवायला सांगा. आणखी एक: त्यांच्यासाठी तुम्ही जो व्हिजिटर विमा काढला असेल त्यातली अपवादांची यादी वाचा. स्नोमोबिल त्यात पुष्कळदा नावानिशी असते.

पैशांत तीन गोष्टी लोकांच्या लक्षात राहत नाहीत. दर बहुधा यंत्रामागे असतो आणि मागच्या माणसाचे थोडे जादा, म्हणून तिघांना दोन यंत्रं पुरतात. उद्यानाचं प्रवेशशुल्क सहसा त्यात नसतं, आणि २०२६पासून परदेशातून आलेल्या पाहुण्यांना यलोस्टोनमध्ये जादा शुल्क आहे. तिसरी गोष्ट यंत्राच्या नुकसानीची: झाडावर घातलीत तर बिल तुमच्या कार्डावर येतं आणि तुमचा गाडीचा विमा ते बहुधा भरत नाही. कंपनी नुकसानीपासून सूट विकत देते, ती घ्या आणि तरीही किती रक्कम तुमच्या अंगावर राहते ते विचारा.

तुमच्या यजमानांना ‘वेगात, डोंगरातून’ असं काही हवं असेल तर ते उद्यानात मिळणार नाही. तिथे एकामागे एक रांगेनेच जायचं असतं. त्यासाठी गावाबाहेरच्या राष्ट्रीय वनात टू टॉपच्या बाजूला आखलेल्या वाटा आहेत, तिथे डोंगरमाथ्यावर झाडं बर्फ चढून भुतांसारखी उभी असतात. पण तिथेही गाईड घ्या आणि आखलेली वाट सोडू नका. वाटेबाहेरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका खरा आहे, आणि बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र), फावडं, शोधकाठी बरोबर असून ती वापरता येत नसेल तर उपयोग शून्य.

महिना म्हणाल तर फेब्रुवारी चांगला, बर्फ भरपूर असतो. वेस्ट यलोस्टोनचा विमानतळ हिवाळ्यात बंद असतो, बोझमनला उतरा आणि गॅलाटिनच्या घळईतून दिवसाउजेडी गाडी चालवत या. सहल पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको, मध्ये एक दिवस ठेवा. वादळात रस्ता बंद झाला तर तो हाताशी लागतो, आणि उंचीची सवयही होते.

मुलीला मागे बसवाल तेव्हा प्रत्येक थांब्यावर तिचे हातमोजे काढून बोटं स्वतः बघा. ‘ठीक आहे’ म्हणाली तरी बघा. चालवणारा सतत हलत असतो. मागच्याला नुसतं बसायचं असतं, म्हणून गारठा आधी त्यालाच भरतो.