‘राइनगोल्ड’ हातात घेण्याआधी
नावांच्या जंजाळात अडकलास ना? स्टीफन ग्रंडींची ‘राइनगोल्ड’ (१९९४) ही जुन्या दंतकथेवरची कादंबरी थेट उघडली की असंच होतं. थोडे दिवस ती बाजूला ठेव. आधी त्याच दंतकथेची आइसलंडची ‘व्होल्सुंग सागा’ (सागा म्हणजे जुनी गद्य वीरकथा) वाच, छोटीच आहे. मग सुमारे १२०० सालचं जर्मन महाकाव्य ‘निबेलुंगेनलीड’. त्यातला नायक झीगफ्रीड म्हणजेच सागेतला सिगुर्ड. खरी गंमत पुढे आहे. सागेतला राजा आटली सोन्यापायी मेहुण्यांचा जीव घेतो आणि त्याची बायको गुद्रून भावांचा सूड त्याच्यावर उगवते. जर्मन काव्यात मात्र तोच राजा, एट्झेल, भला यजमान. तिथे बायकोच भावांच्या जिवावर उठते! आटली आणि एट्झेल, दोघांमागे खरा माणूस एकच, हूणांचा राजा अट्टिला. एवढं डोक्यात बसलं की कादंबरीकारानं कुठलं वळण उचललं ते आपोआप दिसायला लागेल. याच कथेवरचे जर्मन संगीतकार वाग्नरचे ऑपेरे नंतर, घाई नाही.