वाचकांचे प्रश्न : टॉवर कोणाचा, बिल कोणाचं?

प्रश्न : गोव्यातला मोपाचा विमानतळ खासगी कंपनी चालवते. मग तिथला विमान नियंत्रणाचा टॉवरही खासगीच ना? चार आसनी विमान घेऊन उतरलो तर टॉवरशी बोलण्याचेही पैसे लागतील, असं फ्लाइंग क्लबात ऐकलं. (एक वाचक, मडगाव)

ऐकीव आहे, सोडून द्या. मोपाची धावपट्टी, टर्मिनल आणि पार्किंग जीएमआरच्या कंपनीकडे आहे. टॉवरमध्ये बसलेला नियंत्रक मात्र भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. प्राधिकरणाच्या कायद्यात 2003 च्या दुरुस्तीने कलम 12अ आलं आणि विमानतळ भाडेपट्ट्याने देता येऊ लागले; पण हवाई वाहतूक सेवेचं काम त्यातून वगळलेलं आहे. गोव्याच्याच दाबोळी विमानतळाची तऱ्हा आणखी वेगळी. तो नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. तिथे टॉवरही नौदलाचाच आणि प्राधिकरण सांभाळतं ते नागरी टर्मिनल.

प्राधिकरण मार्ग-दिक्चालन (वाटेतलं मार्गदर्शन) आणि टर्मिनल-दिक्चालन (विमानतळाजवळचं मार्गदर्शन) अशी शुल्कं घेतं, ती उड्डाणावर असतात. रेडिओवर किती बोललात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. खासगी विमानतळावर खिशाला चाट बसते ती जमिनीवर: लँडिंग, पार्किंग आणि ग्राउंड हँडलिंग, म्हणजे जमिनीवर विमानाची सरबराई. पहिल्या दोन्हींचे दर मोपासारख्या मोठ्या विमानतळावर एईआरए हे नियामक प्राधिकरण ठरवतं. हँडलिंगचा दर एजन्सीशी ठरतो, तेव्हा बिलात तो आकडा आधी बघा.

प्रश्न : अमेरिकेत एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, सरकारकडून काढून स्वतंत्र संस्थेकडे द्यायला हौशी वैमानिकांनी एवढा विरोध केला. 2017 च्या विधेयकात तर त्यांना शुल्कमाफी होती. मग ओरड कशाची? (फोंडा)

माफी होती हे खरं. पण आज कायद्यात लिहिलेली माफी उद्या दुरुस्तीने जाऊ शकते, आणि संस्थेच्या संचालक मंडळावर विमान कंपन्यांचं वजन पडणार हे उघड दिसत होतं. एओपीए आणि ईएए या वैमानिक संघटना नेमक्या यावर अडून बसल्या. विधेयक मांडणारे खासदार बिल शुस्टर यांनी फेब्रुवारी 2018 मध्ये नाद सोडला. तिथला हौशी वैमानिक एटीसीचा वाटा इंधनावरच्या करातून भरतो, एव्हगॅसवर (छोट्या विमानांच्या पेट्रोलवर) गॅलनमागे सुमारे 19 सेंट. जेवढं उडाल तेवढं भराल, आणि बिल घरी येत नाही.

शुल्काचं सूत्र बघितलं की खरी भीती कळते. युरोपातल्या देशांची हवाई नियंत्रण संस्था युरोकंट्रोल शुल्क काढताना अंतर भागिले 100 किलोमीटर, गुणिले विमानाच्या कमाल वजनाला (टनांत) 50 ने भागून आलेल्या आकड्याचं वर्गमूळ, गुणिले देशाचा दर, असा हिशेब करतं. चार आसनी सेस्ना 172 धरा 1.11 टन: वर्गमूळ 0.15. एअरबस ए320 धरा 78 टन: 1.25. वजनात सत्तर पट फरक, शुल्कात जेमतेम साडेआठ पट! दीडशेहून जास्त तिकिटं विकणाऱ्याला ते परवडतं, रविवारी दोघं मित्र उडतात त्यांना नाही. म्हणूनच युरोकंट्रोल दोन टनांखालच्या विमानांना माफी देतं, आणि कॅनडात 3 टनांपर्यंतच्या पंखेवाल्या विमानांना वर्षाचं ठोक शुल्क आहे. वर्गमूळ तसंच ठेवून माफी तेवढी काढली, तर पहिला माणूस मरतो तो हौशी.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. प्रत्येक सेवेला दर लागला की माणूस सेवा टाळतो: टच-अँड-गोचा (टेकून लगेच पुन्हा उडण्याचा) सराव कमी, हवामानाची माहिती न घेताच उड्डाण. पैसे वाचतात, आणि नको ते होतं.

प्रश्न : खासगीकरणाने सेवा तरी सुधारते का? (वास्को)

कुठे काय खासगी केलं त्यावर आहे. अमेरिकेत अडीचशेहून अधिक छोटे टॉवर 1982 पासूनच्या योजनेखाली कंत्राटदार चालवतात, आणि ते नीट चालतात. त्याच देशात 2005 मध्ये वैमानिकांना हवामान सांगणारी आणि त्यांचे फ्लाइट प्लॅन घेणारी 58 केंद्रं कंत्राटाने दिली. 2007 मध्ये ती एकत्र करताना वैमानिक फोनवर ताटकळले आणि भरलेले प्लॅन गहाळ झाले. कॅनडाची एटीसी संस्था नॅव्ह कॅनडा 1996 पासून विनानफा चालते, तिची वाखाणणी रास्तच. पण उत्पन्न फक्त शुल्कावर. कोविडमध्ये विमानं थांबली तेव्हा सप्टेंबर 2020 पासून तिने दर सरासरी 29.5 टक्के वाढवले. गिऱ्हाईक आटलं की भाव चढवायचा, हे बाजारात उलटं दिसेल. इथे दुसरा मार्गच नसतो.

प्रश्न : बेळगावहून सेस्ना 172 ने मोपाला जायचं आहे. आधी काय काय विचारावं? (पेडणे)

एजन्सीकडून हँडलिंगचा आकडा लेखी घ्या, पार्किंगची जागा मिळणार का ते विचारा आणि एव्हगॅस आहे का हे आदल्या दिवशी फोनवर खात्री करा. एटीएफ (जेट विमानांचं इंधन) असणं म्हणजे एव्हगॅस असणं नव्हे. नसेल तर परतीचं इंधन न्यावं लागेल: सरळ अंतर साधारण 44 नॉटिकल मैल, टॅक्सी-चढाईसह एका बाजूला पाऊण तास आणि ताशी 35 लिटर धरून जाऊन-येऊन आणि 45 मिनिटांचा साठा मिळून 75 ते 80 लिटर. लिटरला 0.72 किलो, म्हणजे 55 किलोच्या आसपास. टाक्या भरून न्याल तर मागच्या सीटवर माणूस बसवताना वजनाचं कोष्टक मांडा.

फ्लाइट प्लॅन निदान तासभर आधी द्या. उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर आणि हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी नंबर मिळाल्याशिवाय निघू नका. व्हीएफआरला, म्हणजे डोळ्यांनी बघत उडण्याला, 5 किलोमीटर दृश्यता आणि ढगापासून उभं 300 मीटर अंतर लागतं. चोर्ल्याच्या बाजूला ढग घाटाला टेकले तर खालून वाट काढायच्या भानगडीत पडू नका, माघारी फिरा. आणि उतरल्यावर प्लॅन बंद झाल्याची खात्री करून घ्या. अपेक्षित वेळ टळून अर्धा तास गेला की तुमची शोधाशोध सुरू होते.