पहिल्या पोर्ट्रेटसाठी चारच ट्यूब घ्या

तैलरंगाच्या चोवीस ट्यूबचा डबा दुकानातच राहू द्या. त्यातली 'स्किन टिंट' लिहिलेली गुलाबी ट्यूब तर नकोच, त्या रंगाची कातडी कुणाचीच नसते.

एवढंच घ्या:

- टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब, हाच आधी संपतो)
- यलो ऑकर (मातकट पिवळा)
- कॅडमियम रेड लाइट; परवडत नसेल तर 'ह्यू' लिहिलेला, म्हणजे तशाच छटेचा स्वस्त पर्याय
- आयव्हरी ब्लॅक

हे चार रंग स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न (१८६०-१९२०) याच्या नावाने ओळखले जातात. निळा कुठंय म्हणाल, तर काळ्यात पांढरा मिसळून लालसर गालाशेजारी लावून बघा, निळसर दिसेल. काळ्यात ऑकर घातला की शेवाळी हिरवा होतो, हनुवटीखालच्या सावलीला कामी येतो. आपल्या सावळ्या वर्णासाठी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्यायचा, पण महिन्याभराने.

कॅनव्हास बारीक विणीचा, १२ बाय १६ इंच पुरे. जाड विणीवर पापणीची रेघ तुटते. कोऱ्या कापडावर थेट रंगवू नका, तेलाने धागा कुजतो. आधी जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, वाळल्यावर हलका पॉलिश पेपर. सरावाला जेसो लावलेला एमडीएफचा तुकडाही झकास.

आणि पांढऱ्याफटक कॅनव्हासवर सुरुवात करू नका. त्यावर कुठलीही छटा गडदच वाटते, मग आपण भीतीने पांढरा ओतत जातो. माझी पहिली डझनभर माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायची! ऑकर आणि काळा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने कॅनव्हासभर पसरवा, दुसऱ्या दिवशी चेहरा मांडा.

ग्लेझिंग (वाळलेल्या रंगावर पातळ पारदर्शक थर देणं), वॉर्निश वगैरे सध्या विसरा.