फिलिपिन्सला स्वातंत्र्य अमेरिकेने दिलं, की त्यांनी लढून मिळवलं?

दिलं कसलं! हिसकावून घेतलेलं परत केलं. तेही 48 वर्षांनी, आणि अटी घालून.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की फिलिपिनो लोकांचा मोठा लढा कधी ऐकला नाही, मग 1946 साली स्वातंत्र्य मिळालं कसं, आणि ते स्वातंत्र्यदिन 4 जुलैऐवजी 12 जूनला का करतात. हे वाचलं आणि राहवलं नाही. कारण हेच बोलणं मी आमच्या घरात जेवणाच्या पंगतीत ऐकलेलं आहे. मी मिरजेची. नर्सिंग करून मस्कतला नोकरीला गेले, आणि तिथे वॉर्डात, हॉस्टेलवर, मेसमध्ये माझ्या आजूबाजूला निम्म्या सिस्टर फिलिपिनो. सुट्टीत घरी आले की आमचे दाजी हमखास विषय काढायचे, "फिलिपिनो म्हणजे सेवेला बरे. लढणं त्यांच्या रक्तात नाही. अमेरिकेने शाळा दिल्या, इंग्रजी दिलं, शेवटी स्वातंत्र्यसुद्धा आयतं हातात ठेवलं." दाजींना उलट बोलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून तेव्हा वाढायचं काम करत राहिले. इथे बोलते.

आधी 12 जून. स्पेनची सत्ता तीनशेहून जास्त वर्षं होती. 1896 साली कातिपुनान या गुप्त संघटनेने उठाव केला. तिचा म्होरक्या आंद्रेस बोनिफासिओ मनिलात एका परदेशी पेढीच्या गोदामात काम करणारा माणूस. त्याच वर्षी 30 डिसेंबरला स्पॅनिशांनी होसे रिसालला गोळ्या घातल्या. तो डोळ्यांचा डॉक्टर, वय 35, आणि गुन्हा काय, तर लिहिणं. मे 1898 मध्ये, अमेरिकेचं स्पेनशी युद्ध जुंपलं तेव्हा, अमेरिकन आरमाराने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश जहाजं बुडवली हे खरं, पण जमिनीवर मनिलाला वेढा घालून बसले होते ते फिलिपिनो. 12 जून 1898 ला कावित गावात उठावाचा पुढारी एमिलिओ आगिनाल्दो याच्या घरी स्वातंत्र्य जाहीर झालं, झेंडा फडकला. पुढे मालोलोसला त्यांनी स्वतःची राज्यघटना केली आणि जानेवारी 1899 मध्ये प्रजासत्ताक स्थापन झालं.

दरम्यान अमेरिकेने काय केलं? 13 ऑगस्टला स्पॅनिशांशी आधीच ठरवून मनिलात लुटुपुटूची लढाई केली. शहर अमेरिकनांच्या हवाली झालं आणि वेढा घातलेल्या फिलिपिनोंना वेशीबाहेरच ठेवलं. डिसेंबरमध्ये पॅरिसला तह झाला. त्यात दोन कोटी डॉलर मोजून सगळी बेटं घेतली. फिलिपिनोंचा वकील फेलिपे आगोन्सिल्यो तिथे पोचला होता, त्याला बैठकीत बसू दिलं नाही. फेब्रुवारी 1899 मध्ये युद्ध पेटलं. अमेरिकेने 1902 मध्ये ते 'संपलं' म्हणून जाहीर केलं. तोवर वीस हजारांच्या आसपास फिलिपिनो लढवय्ये मेले होते, आणि रोगराई, उपासमार, जाळपोळ यांत गेलेली साधी माणसं दोन लाखांपर्यंत धरतात. ज्यांच्या रक्तात लढणं नाही त्यांचा हा आकडा.

माझी रूममेट समार बेटावरची होती, बलांगिगाच्या पंचक्रोशीतली. हे गावाचं नाव मी तिच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. 1901 साली तिथे अमेरिकन सैन्याची एक तुकडी होती. त्यांनी गावातले पुरुष धरून तंबूत कोंडले, राबवून घेतले, भाताचा साठा ताब्यात घेतला. 28 सप्टेंबरला सकाळी सैनिक नाश्त्याला बसले असताना चर्चची घंटा वाजली आणि गावकरी कोयते घेऊन तुटून पडले. 48 अमेरिकन मारले गेले. मग जनरल जेकब स्मिथने हुकूम सोडला की समारमध्ये हत्यार धरू शकेल अशा प्रत्येकाला मारा. किती वयापासून, असं त्याच्याच हाताखालच्या मेजरने विचारलं तेव्हा उत्तर आलं, दहा वर्षांपासून. त्या मेजरने मुलांबद्दलचा हुकूम पाळला नाही म्हणतात, पण गावं मात्र जळाली. पुढे स्मिथवर लष्करी खटला झाला. शिक्षा काय, तर ताशेरे आणि सक्तीची निवृत्ती.

बलांगिगाच्या चर्चच्या तीन घंटा सैनिकांनी लुटून नेल्या. दोन वायोमिंगच्या तळावर, तिसरी त्यांच्या रेजिमेंटबरोबर फिरत शेवटी दक्षिण कोरियात. त्या परत मागण्यात फिलिपिनोंच्या किती पिढ्या गेल्या! डिसेंबर 2018 मध्ये घंटा मनिलाला आल्या, आणि 15 तारखेला बलांगिगाला.

त्या दिवशी रूममेट नाइट करून आलेली. युनिफॉर्मही बदलला नव्हता, छातीवरचं उलटं घड्याळ तसंच टाचलेलं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून लाइव्ह लावला होता. शेजारच्या खोल्यांतल्या तिघीचौघी आल्या. एक इलोइलोची, एक मनिलाची, सगळ्या खाटेवर दाटीवाटीने बसल्या. शेगडीवर सुकी मासळी तळायला टाकली होती, ती करपून धूर झाला तरी कोणी उठेना. शेवटी मीच उठून बंद केली. घंटा वाजली तेव्हा त्यांनी क्रूस केला, आणि रूममेट मला सांगायला लागली. तिची पणजी 1901 मध्ये कडेवरची पोर. तिला घेऊन आई रानात पळाली. बाप मागे राहिला, तो पुन्हा दिसला नाही. त्यांच्या घरात पुढच्या प्रत्येक मुलाला हे सांगतात. रात्री पुन्हा ड्युटी होती, तरी ती दुपारभर बोलत होती. त्याच रात्री तिने आयसीयूत तीन गंभीर पेशंट सांभाळले. त्यातला एक आपल्या सातारकडचा होता, दाजी.

आता 1946. अमेरिकेने 1934 साली कायदा करून दहा वर्षांच्या तयारीनंतर स्वातंत्र्याचं वचन दिलं. चांगुलपणा म्हणाल तर, त्यामागे अमेरिकेतल्या साखरवाल्यांचा आणि दूधवाल्यांचा जोर होता. फिलिपिन्सची साखर आणि खोबरेल बिनजकातीची येत होती, ती त्यांना बंद करायची होती. फिलिपिनो मजूरही नको होते. त्याच कायद्याने त्यांच्या प्रवेशाचा कोटा वर्षाला 50 माणसांवर आणला. मग दुसऱ्या महायुद्धात जपान आला. 1945 च्या मनिलाच्या लढाईत जवळजवळ एक लाख नागरिक मेले. त्या राखेवर 4 जुलै 1946 ला स्वातंत्र्य मिळालं. वर व्यापाराचा करार असा की अमेरिकनांना तिथल्या खाणी-जमिनींवर फिलिपिनोंइतकाच हक्क हवा, त्यासाठी राज्यघटना बदलायला लावली. अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेल्या बहुतेक फिलिपिनो सैनिकांचे लाभही त्याच वर्षी कायद्याने काढून घेतले. 1962 मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन 12 जूनवर नेला. योग्य केलं. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिनही 4 जुलैच. मालकाच्या वाढदिवसालाच आपलाही का करायचा?

सगळंच गोमटं होतं असं मी म्हणत नाही. बोनिफासिओला 1897 मध्ये आगिनाल्दोच्याच लोकांनी खटला चालवून मारलं. आगिनाल्दो 1901 मध्ये पकडला गेला तो अमेरिकनांना मिळालेल्या माकाबेबे गावच्या फिलिपिनो सैनिकांच्या मदतीने. मनिलाचे बरेच श्रीमंत वकील-जमीनदार पहिल्याच संधीला नव्या राज्यकर्त्यांकडे गेले. दक्षिणेतल्या मिंदानाव बेटावरच्या मुसलमानांचा लढा तर वेगळाच, तो मनिलाच्या कथेत बसत नाही. अमेरिकेने शाळा काढल्या हेही खरं, त्या शाळांच्या इंग्रजीवर माझ्या मैत्रिणी नोकऱ्या करतात. पण शाळा काढली म्हणून गाव जाळल्याचं पाप फिटत नाही.

आणि आपण कुठल्या तोंडाने बोलतो? 1762 साली इंग्रजांनी मनिला जिंकली ती मद्रासहून नेलेले हिंदुस्थानी शिपाई बरोबर घेऊन. त्यातले काही परतलेच नाहीत, मनिलाजवळ कैंतात त्यांचे वंशज आहेत.

तुम्हाला सल्ला एवढाच, कोणी 'आयतं मिळालं' म्हणालं तर 1946 वरून वाद घालू नका, 1899 पासून सुरू करा. समोरचा तिथेच अडतो. आणखी एक तारीख हाताशी ठेवा, 16 सप्टेंबर 1991. त्या दिवशी त्यांच्या सिनेटने 12 विरुद्ध 11 मतांनी अमेरिकन तळांचा करार फेटाळला, आणि पुढच्या वर्षी सुबिकचा अमेरिकन आरमारी तळ रिकामा झाला. ताई सांगते, दाजी हल्ली इथली उत्तरं रोज वाचतात. मग दाजी, दिवाळीला येतेय, तेव्हा जेवताना हा विषय मी काढणार आहे.